सॉलिटरी म्हणजे बिचारा नव्हे

लहानू मडावी जंगलखात्याच्या कुटीत एकोणीस वर्षं राहत होता. हिंगणीपासून सहा किलोमीटर आत. सकाळी काठी घेऊन ठरलेल्या वाटेनं फिरायचं आणि उन्हाळ्यात पाणवठे भरायचे, हे त्याचं काम. खात्यानं दोनदा सोबतीला माणूस दिला. दोघांनीही महिन्याभरात दुसरी कुटी मागून घेतली. लहानूनं त्यांना काही त्रास दिला नव्हता. तो त्यांच्याशी बोलला नव्हता, एवढंच.

लग्न करायचं राहून गेलं होतं. हिंगणीतली थोरली बहीण शकुबाई कुणालाही त्याची ओळख करून देताना म्हणे, "एकटा हाय बिचारा." गावात हे दोन शब्द एकाच जुवाला जुंपलेले. आपण बिचारे आहोत असं लहानूला कधी वाटलं नव्हतं, पण नुसतं एकटं असण्यासाठी वेगळा शब्द त्याच्याकडे नव्हता.

तो अंकितानं दिला. ही नागपूरची मुलगी वाघांच्या गणतीसाठी कॅमेरे लावायला आली होती. तिच्या पुस्तकात वाघाच्या चित्राखाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं. लहानूनं त्यावर बोट ठेवलं.

"सॉलिटरी," अंकिता म्हणाली. "म्हणजे एकटा राहणारा."

"बिचारा?"

"नाही हो काका. त्याला तसंच बरं वाटतं. जातच तशी."

त्यानंतर कुणी विचारलं की लहानू सांगू लागला, "मी सॉलिटरी आहो." चहाच्या टपरीवर लोकांना वाटलं, खात्यात बढती मिळाली. दोघांनी अभिनंदन केलं. शकुबाईला मात्र तो आजार वाटला. तिनं आरोग्य केंद्रात जाऊन त्यावर गोळ्या मिळतात का, ते विचारलं. मिळत नाहीत असं कळल्यावर तिनं स्थळ पाहिलं.

स्थळ रोहण्याचं. सुभद्राबाई कुमरे, वय अठ्ठेचाळीस. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, लेक सासरी, घरची थोडी संत्र्याची झाडं. शकुबाई भावाला नवा सदरा घालून घेऊन गेली. पोहे खाऊन झाल्यावर लहानूनं सांगून टाकलं.

"मी सॉलिटरी आहो."

"म्हंजे का?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"वाघासारखा. एकटाच राह्यतो. मले तसंच बरं वाटते."

"मंग वाघाचे पिल्लं कुठून येते?"

शकुबाईनं पदर तोंडाला लावला. लहानूनं जंगलात पाहिलं होतं ते सांगितलं. "भेटते ना. चार-पाच रोज संग राह्यते. मंग आपापल्या वाटेनं जाते."

सुभद्राबाईंनी विचार केला. "चार-पाच रोज जास्त होते. मले झाडं पाहा लागते. आठवड्यातून एक दिवस येत जा."

लग्न झालं. त्या रोहण्यात राहिल्या, तो कुटीत. दर बुधवारी लहानू आर्वीवरून एसटीनं जाई, जेवे, कुंपण नीट करी आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येई. लोक नाना तऱ्हेचं बोलले. मग बोलून दमले.

चौथ्या महिन्यात एका बुधवारी दाराला कुलूप होतं. लहानू अकरापासून चारपर्यंत पायरीवर बसला. सोबत आणलेली रानातली टेंभरं त्यानं खाल्ली नाहीत. शेजारणीनं पाणी दिलं, तेही अर्धंच प्यायला.

दुसऱ्या दिवशी झाडाला कॅमेरा बांधताना त्यानं अंकिताला विचारलं, "घरी कोनी नसलं अन् आपल्याले बरं नाई वाटलं, तं त्याले का म्हन्ते?"

"लोनली."

"हा नोको," लहानू म्हणाला, आणि कॅमेऱ्याचा पट्टा आवळू लागला.

पुढच्या बुधवारी सुभद्राबाई घरी होत्या. "लेक बिमार होती, तिकडे गेलती. तुमाले कसं सांगाव? तुमच्यापाशी फोनच नाई."

लहानूनं येताना आर्वीत उतरून फोन घेतला. कुटीत रेंज नाही. रेंज येते ती मागच्या टेकडीवर, तीही सकाळीच. त्यामुळे आता तो रोज आठ वाजता टेकडी चढतो. सुभद्राबाई फोन लावतात. लाईट होती का, पाणी दिलं का, एवढंच बोलणं. ते मिनिटभरात संपतं. मग दोघंही नुसती फोन कानाला धरून उभी राहतात. शेवटी त्या म्हणतात, "ठेवते आता." आणि ठेवायला आणखी थोडा वेळ लागतो.