रोमहून, सँडीफोर्डमध्ये बसून

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, वहिनीला नाही, आणि ज्या संपादकांमुळे माझं नाव झालं त्यांना तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? खरंच कळत नाही. रविवारच्या पुरवणीत इटलीचं राजकारण आणि तिथल्या टोळ्या यांच्यावर एक सदर यायचं, आठवतंय? वर चष्म्यातल्या बाईचा फोटो, नावाखाली ‘रोमहून’. ती बाई मी.

रोममध्ये मी खूप वर्षं राहिले, हे खरं आहे. भाषा शिकायला गेले आणि तिथलीच झाले. तिथली सरकारं म्हणजे आपल्याकडचं नळाचं पाणी – कधी येईल, कधी जाईल, भरवसा नाही – आणि हे मराठी वाचकाला समजावून सांगायला मला मजा यायची. टोळीवाल्यांचे खटले ऐकायला कोर्टात बसायचं, बाहेर वकिलांना कॉफी पाजायची, दोन गोष्टी काढून घ्यायच्या. मला ते काम चांगलं यायचं. उगाच विनय कशाला?

२०२०च्या फेब्रुवारीत मी पंधरा दिवसांसाठी डब्लिनला भावाकडे आले. तो पुण्याला शिकलेला डॉक्टर, इथल्या सरकारी हॉस्पिटलात. घर सँडीफोर्डला, लुआसच्या, म्हणजे इथल्या ट्रामच्या, रुळांशेजारी. मी आले आणि मागोमाग सगळं बंद झालं. इथवर माझा काही दोष नाही.

पण उन्हाळ्यात विमानं सुरू झाली – आणि मी गेले नाही. भीती वाटली. वहिनीच्या हातचा वरणभात सुटेना. फोनवरूनच मी रोमची खोली सोडून दिली. मालकाला नवा भाडेकरू मिळेना, त्यामुळे खाली बेलवर माझं नाव तसंच राहिलं. आणि संपादकांना मी काही कळवलं नाही. डब्लिनमध्ये बसून इटलीवर लिहिणारी बाई कुणाला हवी होती? तेवढं तर पुण्यात बसूनही कुणी लिहिलं असतं.

एक खोटं पचलं की दुसरं सोपं जातं म्हणतात. मला नाही गेलं. त्या हिवाळ्यात घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती, पण मी तर पेटीएवढ्या खोलीतूनही बाहेर पडेनाशी झाले. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसायची, बाकी काही नाही. व्हिडिओ कॉलला पाठीमागे कोरी भिंत लागायची. वहिनीने दारातून “ताई, चहा ठेवू? सगळं ग्रँड ना?” असं इथल्या लोकांसारखं विचारलं तरी मी दचकायचे, आधी आवाज बंद करायचे. माझ्याच भावाच्या घरात मी फरारी गुन्हेगारासारखी राहत होते – आणि गुन्हेगारांवर लिहीत होते! हसू नका. किंवा हसा.

आता बलबीरबद्दल. लेखात मी त्याचं नाव बदलून बलबीर केलं होतं, इथेही तेच ठेवते.

रोमच्या दक्षिणेला भाजीपाल्याची मोठी शेतं आहेत. तिथे आपली माणसं राबतात, बहुतेक पंजाबातली. त्यांना कामावर आणणारा मुकादमही आपल्याकडचाच. ऊसतोडीचा मुकादम तुम्हाला ठाऊक आहे, तसाच – फक्त हा पासपोर्ट काढून घेतो आणि याच्या मागे टोळी असते. बलबीर त्यातलाच एक. एका जुन्या लेखाच्या वेळी गुरुद्वारात ओळख झाली होती. २०२०च्या शेवटी मी त्याला फोन केला आणि मुकादमाबद्दल सगळं सांग म्हटलं. तो घाबरला. साहजिक होतं. तेव्हा मी त्याला काय सांगितलं? मी इथेच आहे, रोममध्ये, तुझ्यापासून तासाभरावर. काही झालं तर सरळ माझ्याकडे ये. पत्तासुद्धा दिला. सोडलेल्या खोलीचा पत्ता.

त्या शब्दावर तो बोलला.

लेख गाजला. नाव बदललं होतं, गाव मोघम ठेवलं होतं. पण त्याची सायकल – पोपटी रंगवलेली, हँडलला प्लॅस्टिकची फुलं – ती मी ठेवली. वाक्यात फार छान दिसत होती हो ती! आणि मराठीत लिहिलेलं इटलीत कोण वाचतंय, हा भरवसा होताच. परदेशात राहणाऱ्या आपल्या सगळ्यांना तो असतो. ट्राममध्ये समोरच्या माणसाबद्दल आपण खुशाल मराठीत बोलतो, तसाच. पण मुकादम हरियाणाचा. हिंदी शाळेत शिकलेला. मराठी नसेल येत त्याला, पण अक्षरं तर तीच. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर लेख पुढे पाठवला आणि त्याने बोट ठेवत ठेवत ‘मुकादम’ वाचलं, ‘पासपोर्ट’ वाचलं, ‘पोपटी सायकल’ वाचलं. पोपट म्हणजे तोता, एवढं तर हिंदी सिनेमे पाहणाऱ्यालाही कळतं. त्याला आणखी काय लागणार होतं?

फेब्रुवारीतली सकाळ होती. इटलीत सरकार नुकतंच बदललं होतं आणि मी त्यावर लिहीत बसले होते. बलबीरचा फोन आला. सायकल मोडून टाकली होती, त्यालाही मारलं होतं. अंगावरच्या कपड्यांनिशी तो निघाला होता आणि आता माझ्या दारात उभा होता. बेलवर माझं नाव दिसत होतं. “दीदी, घंटी बजा रहा हूँ, दरवाज़ा खोलिए.”

मी काय करायला हवं होतं, ते मला त्याच क्षणी ठाऊक होतं. फ्रांचेस्का नावाची माझी एक मैत्रीण होती, शेतमजुरांचे खटले लढवणारी वकील. त्या दारापासून चालत पंधरा मिनिटांवर राहायची. तिला एक फोन केला असता तर ती धावत गेली असती. पण मग तिने विचारलं असतं – तू कुठे आहेस? आणि ती संपादकांना ओळखत होती, ते रोमला आले तेव्हा मीच गाठ घालून दिली होती. सदर गेलं असतं. नाव गेलं असतं.

सदर वाचवलं मी.

त्याला म्हणाले, मला कोविड झालाय. दार उघडता येणार नाही, खालीही येता येणार नाही. मला वाटलं तो चिडेल, शिव्या देईल. त्याऐवजी तो माझीच चौकशी करायला लागला. ताप किती? कुणी जेवण आणून देतं का? तासाभराने त्याने फोटो पाठवला: दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली, आत संत्री आणि तापाच्या गोळ्या. मार खाल्लेल्या माणसाने कुठून आणल्या, मी विचारलंही नाही. मी गेल्यावर घ्या म्हणाला, तुम्हाला माझ्यापासून काही होऊ नये.

तो परत मुकादमाकडे गेला. पासपोर्ट तिथे, दुसरीकडे जाणार कुठे? त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एकाने मला पुढे सांगितलं – सगळ्यांसमोर हात जोडून माफी मागायला लावली आणि मग त्याला दुसरीकडे कुठेतरी नेलं. कुठे, त्याला माहीत नव्हतं. बलबीरचा फोन तेव्हापासून बंद आहे. त्या आठवड्याचं सदर मी वेळेवर पाठवलं. नव्या सरकारवर होतं. वाचकांना आवडलं.

फ्रांचेस्काला मी नंतरही कधी फोन केला नाही. तेव्हा उशीर झालेला नव्हता, हे सांगायला हवं. त्या दिवशी तर नव्हताच, पुढचे काही दिवसही नव्हता. मी रोज ठरवत होते आणि रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात वहिनीला कांदा चिरून देत होते.

एवढंच असतं तर एव्हाना मी कुणाजवळ तरी बोलले असते. पण अजून थोडं राहिलंय, आणि तेच सांगवत नाही.

जाण्याआधी त्याने पुन्हा फोन केला होता. रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला होता तो. तुमची खिडकी कोणती, विचारलं. दुसऱ्या मजल्यावरची डावीकडची, मी सांगितलं. ती बंद होती, अर्थातच. उघडता आली नाही तरी काचेपाशी या म्हणाला, म्हणजे तुम्ही बऱ्या आहात एवढं मला कळेल. मी म्हटलं, आलेय, पडद्याआड उभी आहे.

“दीदी, मैं हाथ हिला रहा हूँ. दिख रहा हूँ?”

माझ्यासमोर सँडीफोर्डच्या रिकाम्या गाड्या उभ्या होत्या.

“हाँ,” मी म्हणाले, “दिख रहे हो.”

तो म्हणाला, बस, आता आराम करा. आणि गेला.