दमलेला फादर

फादर डोळे मिटून वाद घालायचा. सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलच्या चर्चमागच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीत पाय लांब करून, मान मागे टाकून बसला की नवख्याला वाटावं, गडी झोपला. समोरचा तावातावाने बोलून थांबला की हा डोळे न उघडताच दोन वाक्यांत त्याची हवा काढायचा. आणि मग हमखास म्हणायचा, "दमलो रे बाबा." पहाटे उठून पार्सलच्या डेपोत खोकी उचलणारा माणूस दमणारच. पण त्याचं दमणं नुसतं अंगाचं नव्हतं, हे कळायला मला फार उशीर झाला.

तो खरा फादर नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. वसईचा. सहा वर्षं सेमिनरीत, म्हणजे फादर व्हायच्या शाळेत काढली आणि मग सोडून दिली. का सोडली असं विचारलं तर म्हणायचा, "सकाळी उठून गुडघे टेकायचो आणि वाटायचं, आपण रांगेत उगाच उभे आहोत, आपलं इथे काही काम नाही." नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. त्यालाही त्याचं काही नव्हतं.

आमची ओळख त्याच हॉलमधली. शुक्रवारी संध्याकाळी तरुण ख्रिस्ती मुलामुलींचा ग्रुप जमायचा. ग्रेग नावाचा एक निवृत्त शाळामास्तर तो चालवायचा. पहिल्या दिवशी प्रत्येकाने नाव, राहतो ते सबर्ब आणि स्वतःबद्दल एक गमतीची गोष्ट सांगायची. कोणी म्हणालं, मी शार्क जवळून पाहिलाय. कोणी म्हणालं, मला पाच भाषा येतात. हा म्हणाला, "आय अ‍ॅम टायर्ड." सगळे खो खो हसले. मी हसलो नाही, कारण मीही नर्सिंग होमच्या किचनमधली सकाळची शिफ्ट आणि नंतर युनीतली लेक्चरं करून आलो होतो. चहाच्या टेबलापाशी मी आपला मराठीत पुटपुटलो, "बिस्किटंसुद्धा संपवली मेल्यांनी." मागून आवाज आला, "माझ्यातलं अर्धं घे."

परदेशात मराठी माणूस भेटला की आनंद होतो म्हणतात. आम्हाला झाला, पण जेमतेम दोन मिनिटं टिकला. "कुठला?" "नगरचा." "म्हणजे प्रॉटेस्टंट. बायबल काखेत आणि कपाळाला आठ्या." "आणि तू?" "वसई." "म्हणजे पोपवाला. मेणबत्त्या लावत बसणारा." अशी आमची ओळखपरेड झाली. महिन्याभरात आम्ही जवळच टूनगॅबीला दोन खोल्यांचं एक युनिट भाड्याने घेतलं. तो मला नगरकर म्हणायला लागला आणि आमचं भांडण हॉलमधून घरी राहायला आलं.

भांडायचा विषय ग्रेगने पुरवला होता. तो म्हणायचा, "या देशातली निम्मी जुनी भांडणं इंग्लंडहून बोटीत बसून आली, मेट. ती माहीत करून घ्या." म्हणून दर शुक्रवारी इंग्लंडचा धर्माचा इतिहास आणि त्यावर वाद. आठव्या हेन्रीला राणी सोडायची होती, पोप परवानगी देईना, तेव्हा राजा स्वतःच चर्चचा प्रमुख होऊन बसला. त्याच्या मुलाने जुन्या मूर्ती काढल्या. मग मेरी राणीने पुन्हा पोपला आणलं आणि जे ऐकेनात त्यांना जाळलं. मग एलिझाबेथ आली, पारडं पुन्हा फिरलं आणि कॅथलिक फादर जिवाला मुकायला लागले. मी जाळलेल्यांच्या बाजूने घसा कोरडा करायचो. फादर खुर्चीतून म्हणायचा, "नगरकर, तुझ्या पणजोबाला बाप्तिस्मा दिला अमेरिकनाने, माझ्या पूर्वजांना पोर्तुगीजाने. त्या हेन्रीने बायको बदलली म्हणून आपण दोघं का भांडतोय?" हॉल हसायचा आणि मला राग यायचा.

खरं तर तो पोपच्याही बाजूने फारसा बोलायचा नाही. त्याचा लाडका माणूस वेगळाच होता. कुठल्यातरी खेड्यातल्या चर्चचा पुरोहित, एक साधा पाळक, चार राज्यं पाहिलेला. राजाने म्हटलं वेदी काढ, याने काढली. राणीने म्हटलं परत मांड, याने मांडली. असे शेकड्याने होते म्हणे. मी म्हणायचो, "लबाड सगळे! खोटारडे!" फादर म्हणायचा, "अरे, त्याच्या कोंबड्या होत्या, म्हातारी आई होती, गावातली लग्नं-मयतं होती. हुतात्मा व्हायला एक सकाळ पुरते. दर रविवारी उठून लोकांना तोंड दाखवायला काय ताकद लागते, ते मला विचार." मी विचारलं नाही. मला त्यात नुसता आळशीपणा दिसायचा.

एलिझाबेथच्या काळात कॅथलिक लोक भिंतीत चोरकप्पे करून त्यात फादर लपवायचे, हे ऐकलं त्या दिवशी घरी येऊन हा आमच्या भिंतीतल्या कपाटात शर्टांमागे जाऊन उभा राहिला. "मावतोय की नाही बघ." मी पोट धरून हसलो. आतून आवाज आला, "लपलोयच की रे मी." तेव्हा त्याने मला सांगितलं की सेमिनरी सोडल्याचं त्याच्या आईला ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं, पोरगा ऑस्ट्रेलियात फादर व्हायचंच पुढचं शिक्षण घेतोय. वडील वारले त्या वर्षी सांगणार होता, जमलं नाही. मग व्हिसा आला आणि विषय लांबतच गेला.

दर रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपून त्याची आय घरी आलेली असायची. हा शर्टाचं गळ्याचं बटण लावायचा आणि पांढऱ्या भिंतीपुढे बसायचा. आय त्याच्यासाठी मिस्सेच्या झग्यावर भरतकाम करत होती, तो फादर झाल्यावरच्या पहिल्या मिस्सेला घालायचा होता. ती कापड कॅमेऱ्यासमोर धरायची. आधी सोनेरी क्रूस झाला, मग द्राक्षांचे घोस, मग गव्हाच्या ओंब्या. "खांद्याला बरोबर होईल ना रे?" ती विचारायची. "होईल आय. छान झालाय." फोन ठेवला की तासभर हा माणूस कोणाशी बोलायचा नाही.

"सांगून टाक ना एकदाचं," मी त्याला दहादा म्हटलं असेल. "सांगेन," तो म्हणायचा. "ओंब्या होऊ देत." मला ते असह्य व्हायचं. चोवीस वर्षांचा होतो, अंगावर कसली जबाबदारी नव्हती, खरं बोलायला पैसे पडत नाहीत असं वाटायचं. त्यातच एका शुक्रवारी मी त्याला वादात हरवलं. भर हॉलमध्ये म्हणालो, "तुझा पाळक आयुष्यभर सुरक्षित राहिला, पण त्याच्या एकाही माणसाला त्याचा खरा चेहरा कधी दिसला नाही." टाळ्या पडल्या. ग्रेगने माझी पाठ थोपटली. फादरने पहिल्यांदाच डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मी त्या टाळ्यांवर दोन दिवस तरंगत होतो.

त्याच रविवारी तो डेपोतली जादा शिफ्ट करून आला आणि सोफ्यावर आडवा झाला. फोन किचनमध्ये वाजत राहिला. तिसऱ्या वेळेला मी उचलला. "झोपलाय, मावशी," एवढं म्हटलं असतं तरी ते खरंच होतं! पण आय उत्साहात होती. झगा पुरा झाला होता. तिने तो अंगाशी लावून दाखवला. "गावच्या फादरांशी बोलले मी. दीक्षा आपल्याच चर्चमध्ये. मंडपवाल्यालाही सांगून ठेवलंय. कधी येतोय म्हणावं माझा पोर?" मंडप ऐकून माझं डोकं फिरलं. वाटलं, आता थांबलं तर गावभर शोभा होईल. वाटलं, मीच त्याला सोडवतोय. मी म्हणालो, "मावशी, तो सेमिनरीत नाही. सोडून तीन वर्षं झाली. तो इथे डेपोत काम करतो."

तिने झगा खाली घेतला. नीट घडी घातली, कडेला कड लावून. मग विचारलं, "तू कोण?"

"मी त्याचा मित्र."

"मित्र," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी त्याला उठवून सांगितलं. ओरडेल, मारेल, काहीतरी करेल असं वाटलं होतं. तो उठून बसला, फोन घेतला आणि लावत राहिला. त्या दिवशी तिने उचलला नाही, त्या आठवड्यात नाही, त्या महिन्यात नाही. तो दमलो म्हणायचाही थांबला. मी तीन-चारदा सॉरी म्हणालो. तो म्हणायचा, "नो वरीज," आणि चहा करायला उठायचा. त्या नो वरीजची मला धास्ती बसली होती.

पुढच्या महिन्यात तो मेलबर्नला निघाला, क्रेगीबर्नला चुलतभावाकडे. जुन्या गाडीत दोन बॅगा, एक राइस कुकर. काच खाली करून म्हणाला, "एक सांगू नगरकर? हुतात्मा स्वतः व्हायचं असतं रे. दुसऱ्याला करायचं नसतं." आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी फुटपाथवर उभा राहिलो आणि मला पोटातून रडू आलं.

पण त्याने मला टाकलं नाही. दर नाताळला मेसेज यायचा, "सलाम, नगरकर." पुढे फोन सुरू झाले. दोन वर्षांनी त्याची आय बोलायला लागली. "बोलते," तो म्हणाला. "पण व्हिडिओ लावत नाही." झगा तिने गावातल्या दुसऱ्या मुलाला दिला, तो फादर झाला. त्याला म्हणे खांद्यात सैल होतो.

आणि मी? मी इंजिनिअर झालो, चांगल्या कंपनीत लागलो, इथे कायम राहायची पीआर मिळाली. मग कंपनीने माणसं कमी केली, त्यात मी गेलो. आठ महिने अर्ज करून थकलो आणि बस चालवायला लागलो. बस चालवण्यात कमीपणा काही नाही, हे मी इथे कोणालाही छातीठोक सांगतो. नगरला आईला सांगू शकलो नाही. ती चर्चच्या मंडळीत सगळ्यांना सांगते, आमचा सुहास तिकडे पूल बांधतो. सांगू सांगू म्हणता तीन वर्षं झाली. हे फक्त फादरला ठाऊक होतं. फोनवरच त्याला सांगितलं होतं. तो आता टोमणा मारेल म्हणून मी वाट बघत होतो, पण त्याने विचारलं, "जेवतोस ना वेळेवर?"

गेल्या महिन्यात तो कोणाच्या तरी लग्नाला सिडनीला आला आणि माझ्याकडे उतरला. केस पांढरे झालेत, पोट आलंय. मी शिफ्ट संपवून दुपारी घरी आलो, दार ढकललं आणि आतून आईचा आवाज ऐकला. माझा टॅब टेबलावर होता, तो वाजला असणार आणि याने उचलला होता. मी पॅसेजमध्ये होतो तिथेच थांबलो. अंगावर बसचा युनिफॉर्म, छातीवर बिल्ला. आई विचारत होती, "सुहास कुठाय हो?"

मनात म्हटलं, आता सांगेल. त्याचा हक्कच आहे.

"साइटवर गेलाय मावशी," फादर म्हणाला. "मोठ्या पुलाचं काम निघालंय. येईलच इतक्यात, तुम्हाला फोन लावायला सांगतो."

टॅब बंद करून त्याने मान वळवली. मी दिसलो. त्याने खुर्चीवरचं स्वतःचं जॅकेट उचलून माझ्याकडे फेकलं. "हे घाल. बिल्ला दिसतोय." मग टॅब माझ्या हातात देत म्हणाला, "आणि सांगायचं असेल तर जॅकेट घालू नकोस. तुझं तू बघ."

तो सोफ्यावर जाऊन बसला, डोळे मिटले. मी टॅब हातात धरून बराच वेळ उभा होतो. मग जॅकेट चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि पांढऱ्या भिंतीपुढे बसून आईला कॉल लावला. आई म्हणाली, पूल झाला की फोटो पाठव, पाळकसाहेबांना दाखवायचाय. मी म्हणालो, "हो आई, पाठवतो. तू जेवलीस का?"

फोन ठेवला. जॅकेट तसंच अंगावर होतं.

"दमलो रे," मी म्हणालो.

फादरने डोळे न उघडताच पाय आखडले आणि सोफ्यावर माझ्यासाठी जागा केली.