टाकीतली खालची रांग

टाकीवाले नाना कुणाच्याही घरी गेले, की आधी भिंतीला अंगठ्याचं नख लावायचे आणि मग पाणी प्यायचे. त्यांच्या पुतण्यासाठी झाशीतच दतिया गेटजवळ मुलगी बघायला गेलो होतो, तिथेही तेच. नखावर आलेली भुकटी चोळून म्हणाले, "मुलगी फार चांगली आहे. चुना मात्र कच्चा मळलाय."

यजमान हसले. "नाना जी, सोयरीक भिंतीशी करायची आहे का?"

"भिंतीलाही विचारायला हवं ना!"

लग्न झालं. पुढच्या दिवाळीआधी त्या भिंतीचा गिलावा नानांनी स्वतः उभं राहून नवा करून घेतला.

झाशीच्या रेल्वे वसाहतीमागे आमची तपासणीची खोली होती. बांधकामाचा चुना, सुरखी म्हणजे विटांची भुकटी, सिमेंट, सगळ्यांची परीक्षा तिथे व्हायची. नाना चुना मळून इंग्रजी आठच्या आकाराच्या साच्यात भरत. ते तुकडे दगडी टाकीत पाण्याखाली मुरत पडत. मुदत भरली की तुकडा यंत्रात अडकवायचा, दांड्याच्या टोकाला टांगलेल्या बादलीत शिशाचे छर्रे सोडायचे, आणि तो कमरेत तुटला की छर्रे तोलायचे. छऱ्यांची ती सरसर अजून माझ्या दुपारच्या झोपेत येते. बाहेर इंजिन वाफ सोडायचं, खोली हलकेच थरथरायची, आणि टाकीच्या पाण्यावर उजेडाची जाळी हलायची. तिच्याखाली पांढरट तुकड्यांच्या रांगा निजलेल्या. त्यांची झोप मोडेल म्हणून की काय, नाना तिथे हळू बोलत. मी घाई केली की म्हणत, "भैया, वेळेआधी विचारायचं नाही. तो बिचारा काहीतरी सांगून मोकळा होतो."

जुन्या पुलांचे चुन्यातले खांब आता सिमेंटनेच दुरुस्त करायचे, असं वर ठरत आलं होतं. नानांचं म्हणणं, जुन्या चुन्याला नवा चुनाच धरून ठेवतो. कंकराचा, म्हणजे मातीतल्या चुनखडीच्या खड्यांचा, चुना, सुरखी आणि बेलफळाचा गर, असं एक मिश्रण त्यांनी बसवलं होतं. आमच्या खात्याच्या साहेबांनी ते तपासायला वर्षाची मुदत दिली. नानांनी सहा तुकडे टाकीत ठेवले, तीन खालच्या फळीवर, तीन वरच्या. निवृत्तीआधीचं त्यांचं हे शेवटचं काम.

मे महिन्यात बहीण आजारी म्हणून ते आठ दिवस समथरला गेले. टाकी माझ्यावर सोपवली. मी तेव्हा हंगामी नोकरीत असलो तरी दोन लेकरांचा बाप होतो. पोरवयाची सबब मला नाही. सीपरी बाजारात एका मित्राकडे खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलेलं असायचं. त्या गारव्यात पत्ते खेळत मी तीन दिवस काढले. इकडे टाकीचं बूच ठिबकत होतं. चौथ्या दिवशी गेलो, तर वरची रांग उघडी पडून राखेसारखी कोरडी झालेली. मी बूच घट्ट केलं, पाणी भरलं आणि गप्प बसलो.

नाना परतले. टाकीच्या आत, नेहमीच्या रेघेच्या बरीच खाली, चुन्याची एक नवी पांढरी रेघ उमटली होती. त्यांनी तिच्यावरून नख फिरवलं.

"यंदा ऊन फार झालं," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, "हो."

वर्ष भरलं. साहेब खुर्ची टाकून बसले. नानांनी वरच्या रांगेतला पहिला तुकडा लावला. बादली अर्धीही भरली नाही, तोच तो तुटला. दुसरा तसाच. तिसराही.

"और हैं, नाना जी?"

खालची रांग पाण्यात होती. ती कधी उघडी पडली नव्हती. ती ताकदीची निघाली असती, तर वरची का बिघडली ते विचारलं गेलं असतं. आणि मला कायम करण्याचे कागद त्याच महिन्यात साहेबांच्या टेबलावर होते.

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "नहीं साहब. इतने ही थे."

"फिर सीमेंट ही ठीक है."

"जी." मग माझ्याकडे वळून, "लिहा भैया. निघालं ते लिहा."

मी लिहिलं.

निरोपाच्या दिवशी त्यांनी रुमालात गुंडाळलेला, खालच्या रांगेतला एक ओला तुकडा माझ्या हातात ठेवला. "पाण्यात ठेवा." मला वाटलं, आता सांगावं. वाक्य ओठांवर आलं होतं. नाना म्हणाले, "चहा निवतोय, भैया." मी चहा प्यायलो.

दोन वर्षांनी समथरहून त्यांच्या पुतण्याचं पत्र आलं. नाना गेले होते.

पुलांचं काही वाईट झालं नाही. सिमेंट नीट बसलं, गाड्या जातात. पण जन्मभर निघेल ते लिहायला सांगणाऱ्या माणसाला मी खोटं बोलायला लावलं, आणि आपला चुना कच्चा ठरलेला त्याने मुकाट्याने पाहिला.

तो तुकडा आमच्या स्वयंपाकघरात पितळी वाडग्यात पाण्याखाली आहे. पाणी मी रोज बदलतो. इतक्या वर्षांत त्याला नख लावायची हिंमत झाली नव्हती. आज हे लिहायला बसण्याआधी तो बाहेर काढला, पुसला, आणि अंगठ्याचं नख दाबून ओढलं.

ओरखडासुद्धा उठला नाही. नख मोडलं.