मोंढ्यातले वाचक

माझ्या ब्लॉगला वाचक नाहीत अशी तक्रार मी कैक महिने केली. ती खोटी होती. वाचक रोज सकाळी आमच्या दुकानात पोत्यांवर येऊन बसायचे आणि माझं डोकं खायचे.

माजलगावच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आमचं किराणा दुकान होतं. गावात तेव्हा नुकताच पहिला सायबर कॅफे निघाला होता. वीज असेल तेव्हा मी तिथे तासाच्या भाड्यानं बसून मराठीत ब्लॉग लिहायचो. लिहिलेलं छापून आणायचो आणि कौतुकानं गल्ल्याशेजारी ठेवायचो. तिथेच चुकलं. मंडळी ते कागद वाचायची, ज्यांना वाचता येत नव्हतं ती ऐकायची आणि मग चहा मागवून तासभर मत द्यायची. तेही तोंडावर. माणूस समोर असताना यंत्रावर लिहून कळवणं त्यांना परकेपणाचं वाटे.

"अहो, हेच ब्लॉगखाली जाऊन लिहा ना," मी अक्षरशः हात जोडायचो.

"तू इथं बसलाय, अन् मी तुला तिकडून कळवू व्हय बे?" शेजारचा आडत्या म्हणायचा. "लई झ्याक लिवलं. सांगितलं की आत्ता!"

त्याच सुमारास पुण्याच्या एका बाईंनी मला त्यांच्या ब्लॉगवर पाहुणा लेखक म्हणून बोलावलं. त्यांचा ब्लॉग परदेशातली मराठी माणसंही वाचायची. लेख चालला तर दर महिन्याला जागा देऊ, म्हणाल्या. अट एकच होती. लेखावर वाचक बोलते व्हायला हवेत आणि लेखकानं प्रत्येकाला उत्तर द्यायचं. ती जागा मला हवी होती. किती हवी होती ते आता सांगायलाही लाज वाटते. मोंढ्याबाहेरच्या कुणीतरी मला लेखक म्हणावं, एवढंच मनात होतं.

मी आमच्या धरणावर लिहिलं. संध्याकाळचं पाणी, बगळे, काठावरची गरम भजी. लेख लागला. पुण्याच्या चार-सहा जणांनी "छान" लिहिलं, मी त्याच दिवशी चार-सहा वेळा "धन्यवाद" लिहिलं आणि मग सामसूम झाली. दुकानात मात्र तो कागद हातोहात फिरून तेलकट झाला होता आणि ज्याला त्याला त्यावर बोलायचंच होतं. नुसता वैताग! आठवडाभर मी एकेकाच्या विनवण्या केल्या. वेळ असायचा तेव्हा वीज नसायची आणि वीज आली की नेमकं प्रत्येकाला काम निघायचं. एकजण तर कॅफेच्या दारातून परत आला. का, तर आत चपला काढून जावं लागतं.

शेवटी आडत्याच म्हणाला, "माझ्या नावानं तूच लिवून टाक की. आमच्या पाव्हण्यांना पत्रं तरी कोण लिवतंय?"

ते खरंच होतं. सोयऱ्यांना पत्रं, तहसीलचे अर्ज, सगळं त्याच पोत्यांवर बसून लोक सांगायचे आणि मी लिहायचो. म्हणणं त्यांचं, हात माझा. यात काही गैर असेल असं मनातही आलं नाही. पाच जणांची मतं विचारली आणि एका बैठकीत त्यांच्या त्यांच्या नावानं टाकून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. "पाच प्रतिक्रिया, एकाच संगणकावरून, दहा मिनिटांत. हे पाचही तुम्हीच ना?"

माझं डोकंच फिरलं. "खरी माणसं आहेत बाई, समोर बसलीत. तुम्हीच विचारा!" असं म्हणून मी फोन आबांच्या हातात दिला. पाचांत सगळ्यात वयस्कर तेच, आमचे जुने गिऱ्हाईक.

आबांनी फोन कानाला घट्ट धरला. "व्हय ताई, मीच त्यो. खरा हाय." मग तुम्ही नेमकं काय म्हणाला होतात, असं बाईंनी विचारलं असावं, कारण आबा सबंध मोंढ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी म्हणलो, लेकरानं लई चांगलं लिवलं. पण त्या पाण्याखाली माझं गाव हाय. आईला माती दिली ती जागा हाय. ते ह्यानं कावून न्हाई लिवलं? बगळं तेवढं दिसलं!"

आबांच्या नावानं मी टाकलं होतं ते एवढंच: लेख फार चांगला आहे. पुढचं मला ऐकू आलं नव्हतं असं नाही. बाईंना ते आवडणार नाही असं वाटलं, म्हणून मी ते गाळलं. आठवडाभर मी या लोकांवर चिडलो होतो, ब्लॉगवर बोलत नाहीत म्हणून.

फोन माझ्याकडे परत आला. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "त्यांना उत्तर काय देणार आहात?" एवढंच त्यांनी विचारलं आणि फोन ठेवला. दर महिन्याच्या जागेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही.

आबा दुसऱ्या सकाळी नेहमीसारखे आले, पोत्यावर टेकले आणि माझ्याकडे बघत बसले. "छान" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी त्याच दिवशी उत्तर दिलं होतं. प्रश्न विचारणारा वाचक मला एकच मिळाला, तो दोन हातांवर बसला होता आणि उत्तर द्यायचं सोडून मी त्याच्यासाठी चहा सांगायला उठलो.