स्टे मिळाल्यावरचे तीन दिवस

२०१७च्या जानेवारीत धाकटी बहीण आणि तिचा नवरा अमेरिकेहून आमच्याकडे न्यूझीलंडमध्ये लोअर हटला सुट्टीला आले होते. दोघं तिथे एकाच विद्यापीठात पीएचडी करत होते. तिला सातवा महिना, आणि तो इराणचा. ते इथे असतानाच तिकडच्या राष्ट्राध्यक्षांनी एका हुकमावर सही केली. इराणसकट सात देशांच्या लोकांना प्रवेश बंद. बहिणीला परत जाता येणार होतं, त्याला नाही. म्हणजे बाळंतपण तिने तिथे एकटीने करायचं.

कायद्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण बोलायची खाज भारी. "जीआर निघाला की विषय संपला," मी म्हणालो.

मेव्हणा शांतपणे इंग्रजीत म्हणाला, "तिथे तसं नाही. इथे सरकार संसदेतूनच निघतं. तिथे राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडतात, काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, वेगळी, आणि न्यायाधीश दोघांनाही अडवू शकतात. एकाने हात उगारला तर दुसऱ्याने तो धरावा, अशीच रचना आहे."

"मग काँग्रेस का धरत नाही?"

"धरू शकते. धरलाच पाहिजे असं नाही."

त्याच्या त्या उत्तराची मला हुकमापेक्षा जास्त भीती वाटली.

आठवडाभर आम्ही जेवताना फोन ताटाशेजारी ठेवत होतो. शनिवारी दुपारी बातमी आली: सिॲटलच्या एका न्यायाधीशाने हुकमाला स्थगिती दिली, देशभर. मेव्हण्याने तिथेच उभ्या उभ्या संध्याकाळच्या विमानाची तिकिटं शोधायला घेतली.

मी त्याला थांबवलं. सोमवारी वायतांगीची, म्हणजे इथल्या राष्ट्रीय दिवसाची, सुट्टी होती आणि बायकोने त्या दिवशी बहिणीचं डोहाळजेवण ठेवलं होतं. फुलांचे दागिने सांगून झाले होते, बारा बायकांना आमंत्रणं गेली होती. "अरे, कोर्टाचा स्टे आहे," मी म्हणालो. "पुण्यात आमच्या जमिनीवर स्टे आला तेव्हा मी पाळण्यात होतो. अजून उठलेला नाही. मंगळवारी जा, आरामात."

बहीण म्हणाली, "दादा, तू शुअर आहेस ना?"

"हंड्रेड पर्सेंट."

रविवारी कळलं की सरकार वरच्या कोर्टात गेलंय आणि स्थगिती कधीही उठू शकते. आता विमानांत जागाच नव्हत्या, मंगळवारची तिकिटं तेवढी हातात होती. वरच्या कोर्टाचं मी कोणाला बोललो नाही. सोमवारी बहीण हिरव्या साडीत बसली, बायकांनी ओटी भरली, मेव्हणा सगळ्यांना हसून माओरीत 'किआ ओरा', म्हणजे नमस्कार, म्हणत पाणी देत होता. मी दर पाच मिनिटांनी मोरीत जाऊन बातम्या बघत होतो.

मंगळवारी ते निघाले. ऑकलंडहून सॅन फ्रान्सिस्को बारा तास. तेवढ्या वेळात वरच्या कोर्टाचे तीन न्यायाधीश काहीही ठरवू शकत होते, आणि तो वर आकाशात असणार होता. ऑफिसात मी एका ओळीचंही काम केलं नाही. उतरल्यावर इमिग्रेशनवाल्यांनी त्याला चौकशीला आत नेलं, बहिणीला बाहेर बसवलं. तीन तासांनी तिचा मेसेज आला: सोडलं.

पुढे दुसरा हुकूम आला, मग तिसरा, आणि तिसरा त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. भाची झाली, बोलायला लागली, तरी ते दोघं देशाबाहेर पाऊल टाकायला धजावले नाहीत.

मागच्या वर्षी बायकोने फोनवर डोहाळजेवणाच्या फोटोंचा विषय काढला. बहीण म्हणाली, "वहिनी, मस्तच झालं होतं सगळं." मग मला म्हणाली, "दादा, शनिवारी निघायला म्हणून भरलेली बॅग त्याने परत उघडलीच नव्हती. तोच एक शर्ट रोज धुऊन घालत होता. तुझं मन मोडायला नको म्हणून तो थांबला."

मी शनिवार ते मंगळवारचे सगळे फोटो काढून पाहिले. सगळ्यांत तोच निळा शर्ट आहे.