जांभळ्या जिराफाची मान

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि बदली होऊन आलेल्या साहेबांबरोबर शहरात जुनी खेळणी जमवणारेही आले. तोवर मला वाटायचं, टूथपेस्टच्या खोक्यातून निघणारे ते बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे प्राणी अख्ख्या गावात मी एकटीनंच जपलेत. बाबा रेल्वेत होते. महिन्याच्या सामानात ते टूथपेस्ट आणायचे आणि खोकं उघडायचा हक्क माझा असायचा.

पंचेचाळिशीत दाढ दुखायला लागली म्हणून समता कॉलनीतल्या एका डॉक्टरांकडे गेले, तर त्यांच्या कपाटात तेच प्राणी रांगेनं उभे. मी तोंड उघडायच्या आधी ते कपाटच बघत बसले. डॉक्टर हसून म्हणाले, "दीदी, आपके पास भी हैं? इतवार को लाइए." दर रविवारी दवाखाना बंद ठेवून तिथं आठ-दहा जण जमायचे. सगळे पुरुष.

मी दोन जिराफ नेले. एक नेहमीचा पिवळा, एक जांभळा. जांभळा त्यांच्यापैकी कोणीच पाहिलेला नव्हता. तो हातोहात फिरत भोपाळहून आलेल्या एका साहेबांपाशी पोचला. त्यांचं मराठी इंदूरकडचं, आणि या मंडळींत त्यांचा शब्द शेवटचा मानत. त्यांनी दिव्याखाली धरून बघितला आणि परत देत म्हणाले, "मॅडम, हा नकली आहे. तुम्हाला कोणीतरी फसवलं."

"फसवणार कोण? खोकं मीच उघडलं होतं. बाबा समोर होते."

"लहानपणीचं माणसाला खरं थोडंच आठवतं?"

ते दुष्टपणानं बोलले नाहीत, पण मला ते लागलं. ऑफिसातही त्या वर्षी असंच चाललं होतं. नवीन येणारा प्रत्येक जण आम्हाला आमच्याच गावाविषयी शिकवत होता. एरवी मी गप्प बसते. त्या दिवशी नाही बसले.

"मले चांगलं आठवते," मी म्हणाले. "तुम्ही तपासून पाहा. नकली काहून, ते सांगा."

त्यांनी मापपट्टी काढली. जुन्या खेळण्यावरून साचा घेऊन नवीन ओतलं, तर ते केसभर आखूड भरतं, असं त्यांनीच समजावलं. दोन्ही जिराफ सारखेच भरले.

"म्हणजे जिराफ जुनाच आहे," ते म्हणाले. "पण पांढरा असणार. रंगात उकळून जांभळा केलेला."

डॉक्टरांनी कापूस नेलपॉलिश काढायच्या पाण्यात भिजवून घासला. कापूस पांढराच राहिला.

"नीट मुरलेला रंग निघत नाही," साहेब म्हणाले. "आत बघितल्याशिवाय सांगता यायचं नाही. आणि कापून कोण बघणार?"

दोघे-तिघे हसले. एकानं मला समजावलं, "दीदी, घर में सजाकर रखिए ना, क्या फर्क पड़ता है."

मी डॉक्टरांकडे ब्लेड मागितलं. ते म्हणाले, "सोच लीजिए." मी हात पुढे केलेलाच ठेवला. जिराफाची मान आगपेटीतल्या काडीएवढी. काउंटरवर आडवा धरून मी ब्लेड दाबलं. दुसऱ्या दाबाला मान तुटली.

कापलेली बाजू साहेबांसमोर धरली. पार आतपर्यंत जांभळी.

त्यांनी ती दिव्याखाली धरून पुन्हा बघितली. मग साहेब म्हणाले, "असली आहे. पण मॅडम, आता याची काही किंमत उरली नाही."

"मी विकायले आणलाच नव्हता," मी म्हणाले. दोन्ही तुकडे रुमालात बांधले आणि स्कूटरवरून ब्राह्मणपाऱ्यात घरी आले.

घरी आईनं तुकडे पाहिले. "काहून कापला वं? त्यांनी नाही म्हटलं तर नाही. तुले तर माहीत होतं ना?"

त्या संध्याकाळी मी रडले, हे खरं आहे. तो परत मिळणार नव्हता. पण पुन्हा तसं कोणी म्हटलं असतं, तर मी पुन्हा कापला असता.

पुढच्या रविवारी जाऊ नये असं वाटत होतं, म्हणूनच गेले. तुकडे चिकटवले नाहीत. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. साहेब आले, बघून मान हलवली आणि आपली पेटी उघडून एक काळा हंस माझ्यासमोर ठेवला.

"हा बघता का जरा?" ते म्हणाले. "मला याची शंका आहे."

मी चष्मा लावला आणि डॉक्टरांकडे कापूस मागितला.