औशाची पत्रिका

लग्नाची पत्रिका कशी द्यावी, हे माझ्या लातूरच्या साडूंइतकं कळणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात सापडणार नाही, आणि पत्रिकेपायी घरच्यांना त्यांच्याइतका छळणाराही. कोपऱ्याला हळदकुंकू लागलं की ते पत्रिकेला कागद मानत नसत. ती दुमडायची नाही, उंबऱ्यावरून द्यायची नाही, पोरासोरांच्या हाती सोपवायची नाही. आत जायचं, बसायचं, पाणी प्यायचं, घरातल्या थोरल्या माणसाच्या हाती अक्षता आणि पत्रिका ठेवायची आणि तिथी-वेळ तोंडानं सांगायची. हदगावला एका घराला कुलूप होतं, तर मंडळी सोयाबीन काढून परतेपर्यंत हे ओट्यावर बसून राहिले. मंडळी आल्यावर कळलं, अक्षता नांदेडला आमच्या घरीच राहिल्या. तसेच परतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मोबाईलवर पत्रिका पाठवायचं कुणी सुचवलं की म्हणायचे, "मग जेवणाचा फोटो पण धाडा की. येतंय कशाला कुणी?"

माझ्या मुलीच्या लग्नात सगळी यादी त्यांच्याकडे होती. फक्त औशाचं घर त्यांनी माझ्यावर टाकलं. तिथं माझी थोरली बहीण, आक्का, राहते. "बहिणीला भावानंच आवतन द्यावं लागतंय. मी गेलो तर तिचा मान जातोय," असं त्यांनी मला एकट्याला बजावलं. मी आज-उद्या करत राहिलो. लग्नाला आठवडा उरला असताना लातूरच्या बसस्टँडवर आक्काचा शेजारी भेटला, हातात भाजीची पिशवी घेऊन औशाच्या बसला उभा होता. तो मला ओळखत नव्हता. मी पत्रिका त्या पिशवीत सरकवली आणि सुटलो. संध्याकाळी साडूंचा फोन आला, आक्का काय म्हणाल्या? मी म्हणालो, लई खूश झाली. त्यांनी वहीत खूण केली.

नांदेडच्या मंडपात मुहूर्ताला अर्धा तास उरला तरी आक्काचा पत्ता नव्हता. वराकडच्या बायका मुलीची आत्या कुठाय म्हणून विचारू लागल्या. भावकीतल्या एकानं आक्काला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. आक्का म्हणाली, "पत्रिका आली बाबा, भाजीच्या पिशवीतून. माणूस न्हाई आलं." सगळे माझ्याकडे बघायला लागले. व्याही तर दोन पावलं पुढं आले. माझ्या तोंडून निघून गेलं, "पत्रिकांचं सगळं साडूंकडं होतं."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे, मग बोहल्याशी उभ्या असलेल्या माझ्या मुलीकडे. "हाव," ते म्हणाले, "माझ्याकडूनच राहिलं." आक्कानं फोन ठेवला. लग्न लागलं.

आक्का वर्षभर माझ्याशी बोलली नाही, मग निवळली. साडूंवरचा ठपका मात्र गेला नाही. त्यानंतर नात्यातल्या कुणी त्यांना यादी दिली नाही. प्रत्येक लग्नात कुणीतरी म्हणायचं, "काका, आमची पत्रिका मेथीत घालू नका बरं का." ते हसायचे. मीही हसायचो. अशी अकरा वर्षं गेली.

मागच्या महिन्यात मी औशाला जाऊन आक्काला खरं सांगितलं. ती रागावली नाही. "मग इथं कशाला बसलास? लातूरला जा," एवढंच म्हणाली. मी गेलो. साडूंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आक्कांना सांगितलंत ना, झालं मग. दुसऱ्या कुणाला सांगू नका, पोरीला वाईट वाटंल." चहाही त्यांनीच केला. मेहुणी स्वयंपाकघरातच होती, पण बाहेर आली नाही. तिला कोण काय म्हणणार? अकरा वर्षं तिनंही ते ऐकलं होतं.

साडूंचं ऐकायचं नाही असं ठरवून हे लिहितो आहे, नात्यातल्या सगळ्यांनी वाचावं म्हणून. मुलीला मात्र हे वाचून कळू नये, म्हणून काल तोंडानंच सांगितलं. मग तिनं विचारलं, "काका दुपारी झोपतात का हो, बाबा? मी सकाळच्या बसनं गेले तर भेटतील?"